वहीची किल्ली कोणाच्या कमरेला?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतून एक फेरी मारावी. पूर्वी दुकानातल्या चौरंगावर लाल कापडी बांधणीची लांबट वही असे, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि 'श्री', आणि शेजारी दौत-लेखणी. आता त्याच चौरंगावर वहीच्या जोडीला कॉम्प्युटरही बसलेला दिसतो. त्याच्या पडद्याला हळदकुंकू लागते, कळफलकावर झेंडूच्या पाकळ्या पडतात, आणि भटजीबोवा दोघांना मिळून एकच मंत्र म्हणतात. गंमत अशी, की त्या दिवशी हिशेबाचे वर्ष ना वहीचे सुरू होते, ना कॉम्प्युटरचे. पूर्वी पुष्कळ व्यापारी दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरीत. आयकराच्या कायद्याने १९८९ पासून सर्वांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष लावून दिले. तेव्हापासून पूजा आश्विनात आणि हिशेब एप्रिलात, असा हा दोन घरांचा संसार चालू आहे.

पूजा आटोपते, फराळाची ताटे पुढे येतात, आणि मग नोकरीच्या गावाहून दिवाळीला घरी आलेल्या शिकल्या-सवरल्या मुलाकडे सगळ्यांची नजर वळते. वडील म्हणतात, "तू कॉम्प्युटरवाला. आता सांग बघू, आपल्या दुकानाला हिशेबाचे कुठले सॉफ्टवेअर घ्यावे?" आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे एक पाऊल पुण्यामुंबईच्या कचेरीत असते आणि दुसरे गावच्या दुकानाच्या उंबऱ्यावर. त्यांना हा प्रश्न चुकत नाही. नुसते एखादे नाव सांगून तो सुटतही नाही. म्हणून यंदाच्या दिवाळीत या सदरात त्याचाच विचार करू.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक गाव धरू. आटपाडी. माणदेशातले हे गाव पूर्वी औंध संस्थानात होते. संस्थाने विलीन झाली तेव्हा ते दक्षिण सातारा जिल्ह्यात आले आणि १९६० साली त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. पाऊस येथे बेभरवशाचा, तेव्हा माणसांनी शेतीच्या जोडीला नाना उद्योग धरले. आटपाडी आणि शेजारच्या खानापूर-विटा भागातली गलाईवाली मंडळी जुने सोनेचांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा करीत थेट केरळापासून बंगालपर्यंत पसरली. गावात डाळिंबाचे सौदे होतात, शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतो, आणि उत्तरेश्वराच्या कार्तिकी यात्रेत खिलार जनावरांची खरेदीविक्री होते. अशा गावात हिशेब एका साच्याचा असूच शकत नाही.

तेव्हा आपण तीन दुकाने कल्पनेने उभी करू. पहिले गलाईवाल्याचे. त्याचे घर आटपाडीत, दुकान मात्र दूर परराज्यात. दुसरे डाळिंबाच्या अडत्याचे. तिसरे खते, औषधे आणि ठिबकच्या नळ्या विकणाऱ्याचे. तिघेही एकाच शहाण्याकडे गेले आणि त्याने तिघांना एकच सॉफ्टवेअर घ्यायला सांगितले, तर तिघांपैकी निदान दोघे वर्षाच्या आत पुन्हा वही उघडून बसतील. का, ते पाहू.

हिशेबाचे काम तीन पायऱ्यांचे आहे. दिवसभरात जे जे घडले ते घडल्या क्रमाने लिहायचे, ती रोजकीर्द. त्या कीर्दीतून प्रत्येकाच्या नावाचे खाते वेगळे काढायचे, ती खतावणी. आणि शेवटी सगळी खाती जुळवून आपल्याजवळ काय आहे, कोणाकडून यायचे आहे, कोणाला द्यायचे आहे हे एका पानावर मांडायचे, तो ताळेबंद. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांवर लिहायचा, एकाच्या जमेला आणि दुसऱ्याच्या नावे, म्हणजे चूक झाली तर ताळा जमत नाही. व्यापाऱ्यांची ही द्विनोंदी रीत लुका पाचोली नावाच्या इटालियन गणिती साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून काढली. त्याला पाचशेहून अधिक वर्षे झाली, पण आजचे महागातले महाग सॉफ्टवेअरसुद्धा याच रीतीने चालते.

मग यंत्र करते काय? दिवाणजींना रात्री दिव्याखाली बसून जी खतावणी करावी लागे, ती यंत्र क्षणात करते. बेरजा चुकत नाही. ताळेबंद मागाल तेव्हा काढून देते. पण कीर्द मात्र माणसानेच लिहायची असते. जे दुकान रोजच्या रोज कीर्द लिहीत नाही, त्याने कितीही नामांकित सॉफ्टवेअर आणले तरी मार्चअखेरीस पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन कर सल्लागाराच्या दारात उभे राहणे त्याला चुकत नाही. म्हणून पहिली कसोटी दुकानाची, सॉफ्टवेअरची नंतर. रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी अर्धा तास कोण बसणार, त्या माणसाचे नाव आधी ठरवा.

आता पहिल्या दुकानात जाऊ. गलाईवाल्याकडे एक सराफ जुने दागिने आणून देतो. ते तोलायचे, मुशीत आटवायचे, टंच काढायचा, आणि शुद्ध सोने किती निघाले ते ठरवायचे. समजा, ५० ग्रॅम माल आला आणि टंच ९२ निघाला. म्हणजे शुद्ध सोने ४६ ग्रॅम. त्यातले ४० ग्रॅम त्याच दिवशी परत दिले. उरले ६ ग्रॅम. त्या दिवशी भाव ग्रॅमला दहा हजार होता असे धरा. साध्या सॉफ्टवेअरला केवळ रुपये कळतात, म्हणून दुकानातल्या मुलाने सराफाच्या खात्यावर साठ हजार रुपये देणे लिहिले. महिन्याने भाव अकरा हजार झाला आणि सराफ म्हणाला, "माझे सहा ग्रॅम सोने द्या." आता तेच सोने सहासष्ट हजारांचे. सहा हजारांचा हा खड्डा कोणी चोरी केल्यामुळे पडलेला नाही. ग्रॅमचे देणे रुपयांत लिहिल्याने पडला आहे. गलाईवाल्याच्या प्रत्येक खात्याला दोन बाक्या लागतात, एक रुपयांची आणि एक धातूची, आणि धातूची ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत. शिवाय सोन्याच्या विक्रीवरचा ३ टक्के जीएसटी निराळा आणि मजुरीवरचा निराळा. सराफी-गलाईसाठी मुद्दाम केलेली सॉफ्टवेअर मिळतात. सर्वसाधारण सॉफ्टवेअर विकणारा "तेही बसवून देतो" असे म्हणाला, तर वरचे ५० ग्रॅमचे उदाहरण त्याच्यापुढे ठेवावे आणि आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवायला सांगावे.

दुसरे दुकान अडत्याचे. येथे धातू नाही, पण पट्टी आहे. समजा, एका शेतकऱ्याचे ८०० किलो डाळिंब आले. त्यातले ३०० किलो १२० च्या भावाने गेले, ३०० किलो ९० ने, आणि उरलेले २०० किलो ५० ने. एकूण ७३ हजार. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे मिळून ३ हजार वजा, राहिले ७० हजार. शेतकऱ्याने औषधाच्या वेळी २५ हजारांची उचल घेतली होती, ती वजा. हातात ४५ हजार. हा सगळा हिशेब एका कागदावर, मराठीत, शेतकऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत छापून निघाला पाहिजे. त्यातही नियमाचा भाग आहे. फळभाज्यांवरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे राज्य सरकारने २०१६ साली ठरवले. तेव्हा अडत ही खरेदीदाराच्या बिलावर दिसली पाहिजे, शेतकऱ्याच्या पट्टीत नव्हे. ताज्या फळांवर जीएसटी नाही. म्हणून 'एका कळीत जीएसटीचे विवरणपत्र' ही ज्या सॉफ्टवेअरची मोठी जाहिरात, तिचा डाळिंबाच्या अडत्याला फारसा उपयोग नाही. त्याला हवी आहे एका कळीत पट्टी.

तिसरे दुकान खतांचे आणि ठिबकचे. येथे मात्र जीएसटीच सारे काही. एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच बिलावर खताला एक दर, कीटकनाशकाला दुसरा. आणि दर बदलतात. ठिबक संचावरचा कर १२ टक्क्यांचा ५ टक्के झाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून. २१ तारखेच्या रात्री जे सॉफ्टवेअर वापरात होते, त्यात २२ ला सकाळी नवा दर लागला पाहिजे, आणि २१ तारखेपर्यंतची बिले जुन्याच दराची राहिली पाहिजेत. हे ज्यात सुखरूप होते ते सॉफ्टवेअर या दुकानाचे. दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, बिलाचा नमुनाही निराळा. तोही त्यात हवा. आणि उलाढाल पाच कोटींच्या वर गेली, तर व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या बिलांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागते, हे मोठ्या दुकानदाराने ध्यानात ठेवावे.

या देशात सर्वांत अधिक ऐकू येणारे नाव टॅलीचे. ते कसे जन्मले हे येथे सांगण्यासारखे आहे. बंगळुरात श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि गिरण्यांना माल पुरवण्याचा धंदा होता. आपल्या हिशेबाला जुळेल असा प्रोग्रॅम त्यांना बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी तो आपल्या मुलाला, भारत गोयंका यांना, लिहायला सांगितला. १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली, आणि २०२० साली भारत गोयंका यांना पद्मश्री जाहीर झाली. यातले शहाणपण असे, की या क्षेत्रातल्या सर्वांत गाजलेल्या सॉफ्टवेअरचे मूळ एका दुकानदाराच्या अडचणीत आहे. त्याने आपली गरज आधी ओळखली.

आज टॅलीच्या बरोबर बिझी आहे, मार्ग आहे, चेन्नईच्या झोहोचे झोहो बुक्स आहे, मोबाइलवर चालणारे व्यापार आहे, उधारीपुरते खाताबुक आहे. जीएसटीच्या यंत्रणेने २०१९ साली दीड कोटीपर्यंत उलाढालीच्या व्यापाऱ्यांना फुकट सॉफ्टवेअर देऊ केले. ज्ञूकॅश नावाचे तर कोणालाही फुकट घेता येते, मात्र त्याला आपला जीएसटी ठाऊक नाही. यांत उत्तम कोणते, असे विचाराल तर आम्ही उत्तर देणार नाही. चपलांच्या दुकानात 'उत्तम चप्पल कोणती' असे कोणी विचारीत नाही; आपल्या पायात घालून चार पावले चालून पाहतो.

एवढे मात्र समजून घ्यावे, की या सगळ्यांचे दोन प्रकार आहेत. काही सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहते आणि हिशेबही तेथेच राहतो. दुसऱ्या प्रकारात वर्षाचे भाडे भरायचे, हिशेब कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर राहतो आणि इंटरनेट असेल तेथून दिसतो. पहिला प्रकार लाइन गेली, इंटरनेट बंद पडले तरी थोड्याफार सोयीने चालतो. पण कॉम्प्युटर बिघडला आणि नक्कल ठेवली नसेल तर हिशेब गेला. दुसऱ्यात नकलेची काळजी कमी, आणि परराज्यातल्या दुकानाचा हिशेब आटपाडीच्या माडीवर बसून म्हाताऱ्यालाही पाहता येतो. पण भाडे थकले तर काय? जुना हिशेब वाचता येईल की कुलूप पडेल? हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचा. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची दप्तरे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे आज घेतलेले सॉफ्टवेअर उद्या आवडेनासे झाले, तरी त्यातला हिशेब सहा वर्षे उघडता आला पाहिजे, आणि दुसरीकडे नेता आला पाहिजे. "माझी सगळी खाती एक्सेलच्या तक्त्यात बाहेर काढून दाखवा," एवढे विक्रेत्याला म्हणावे. त्याने मान खाजवली तर पुढच्या दुकानात जावे.

आता दिवाणजींकडे वळू. हिशेबाला बसणारे बहुतेक तेच असतात, पण सॉफ्टवेअर घेताना त्यांना कोणी विचारीत नाही. आपल्या देशी पद्धतीत खात्याची डावी बाजू जमेची, उजवी नावेची. इंग्रजी पद्धतीत नेमके उलट, आणि बहुतेक सॉफ्टवेअर इंग्रजी पद्धतीचे. मग पहिल्याच दिवशी असा संवाद होतो.

"धाकलं मालक, ह्ये यंत्र उलटं लिव्हतंय. जमा उजवीकडं कशी काय?"

"काका, बाजू उलटी आहे, हिशेब उलटा नाही. तुम्ही कोणाच्या जमेला आणि कोणाच्या नावे, एवढे सांगा. बाजू ते बघेल."

"आसं व्हय? मग त्येला म्हणावं, चाळीस वर्सं मी बी तेच करतुया."

यात थट्टा असली तरी मर्म आहे. ज्याला जमा आणि नावे कळते, त्याला कळफलक आठ दिवसांत शिकवता येतो. ज्याला नुसता कळफलक कळतो, त्याला जमा-नावे शिकवायला वर्ष जाते. तेव्हा यंत्र आले म्हणून दिवाणजींना कोपऱ्यात बसवू नका. त्यांनाच यंत्रापुढे बसवा.

जुन्या वहीत एक शिस्त होती. पानांना आकडे असत, पान फाडायचे नाही, मधे कोरी जागा सोडायची नाही, आणि चूक झाली तर खोडून काळे करायचे नाही. एक रेघ मारायची, म्हणजे खालचे अक्षर वाचता येते, आणि शेजारी दुरुस्ती लिहायची. कॉम्प्युटरमध्ये मात्र कालचे बिल आज बदलले तर मागे डागही उरत नाही. कंपन्यांच्या बाबतीत सरकारने १ एप्रिल २०२३ पासून असा नियम केला, की हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. आपले दुकान घरगुती मालकीचे किंवा भागीदारीचे असेल तर ही सक्ती नाही. पण सोय मिळत असेल तर जरूर घ्यावी. वडील, मुलगा, दिवाणजी, प्रत्येकाचे नाव आणि परवलीचा शब्द निराळा ठेवावा, म्हणजे कोणत्या हाताने काय लिहिले ते कळते. आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली कैद्यांची बिनभिंतीची वसाहत तेथे उभी केली, आणि 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाला त्याच प्रयोगाची प्रेरणा होती. माणसावर विश्वास टाकता येतो, हे या मुलखाला कोणी शिकवायला नको. पण विश्वास म्हणजे नोंद नको असे नव्हे. नोंद असली की प्रामाणिक माणसावर उगीच संशय येत नाही, आणि म्हाताऱ्या दिवाणजींना तिचा आधारच वाटतो.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. दराची नव्हे, कराचीही नव्हे, किल्लीची.

असे एक घर डोळ्यांपुढे आणा. नवरा परराज्यात गलाईचे दुकान चालवतो. बायको, मुले आणि सासूसासरे आटपाडीत. एके दिवशी तिकडून फोन येतो, की ते दवाखान्यात आहेत, शुद्धीवर नाहीत. दीर धावत जातो. खर्च रोजचा आहे, पैसे हवे आहेत.

"भावजी, कुणाकुणाकडून यायचेत पैसे, ते तरी बघा."

"वहिनी, ते सगळं त्या मशिनमध्ये आहे."

मशिन उघडायला परवलीचा शब्द हवा. तो त्यांच्या डोक्यात. दुसरा मार्ग ओटीपीचा. तो त्यांच्या मोबाइलवर येतो, आणि मोबाइलला त्यांच्या बोटाचे कुलूप. सॉफ्टवेअरचा परवाना कोणाच्या ईमेलवर? बसवून देणाऱ्या मुलाच्या, आणि तो मुलगा आता दुसऱ्या गावी नोकरीला. जीएसटीच्या खात्याला कोणाचा मोबाइल जोडलेला? कर सल्लागाराचा. सल्लागार भला माणूस, पण सध्या बाहेरगावी. सराफांकडून लाखो रुपये येणे असेल, काहींचे सोने देणेही असेल. आणि घरातल्या कोणालाही त्यातला एक आकडा सांगता येत नाही. येणे बुडते ते बाहेरचे सगळे लबाड असतात म्हणून नव्हे. विचारायला जाणाऱ्याच्या हातात कागद नसतो. आणि देणेकरी मात्र कागद घेऊन दाराशी येतात. त्यांचे खरे की खोटे, हेही त्या बाईला ताडून पाहता येत नाही.

हे घर कल्पनेतले आहे, पण वाचकांनी आपल्या नात्यागोत्यात नजर टाकावी. फार लांब जावे लागणार नाही. जुन्या वहीला शंभर दोष होते. ती भिजे, तिला वाळवी लागे, बेरजा चुकत. पण घरच्या माणसाने ती उघडली की नावे दिसत. सासूबाईंना अक्षर लागत नसले, तर शाळेतला नातू वाचून दाखवी. नवे सॉफ्टवेअर वहीपेक्षा हुशार असेलही; पण घरच्याला उघडता येत नसेल तर ती वही आपली नव्हे, दुसऱ्या कोणाची आहे आणि आपण तिच्यात केवळ लिहितो.

म्हणून सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, पण चार गोष्टी पहिल्याच दिवशी करा. परवाना, ईमेल आणि जीएसटीच्या खात्याचा मोबाइल हे तिन्ही घरच्या माणसाच्या नावावर असू द्या. सल्लागाराला काम करू द्यावे, मालकी देऊ नये. परवलीचे शब्द एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, दागिन्यांच्या शेजारी कपाटात ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवा. शब्द बदलला की कागदही बदला. दर महिन्याच्या एक तारखेला येण्या-देण्याची यादी कागदावर छापून घ्या आणि ती दुकानात नव्हे, घरी ठेवा. गलाईवाल्याने त्यात धातूची बाकीही छापावी. चौथी गोष्ट नकलेची. हिशेबाची नक्कल दोन ठिकाणी ठेवा, आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. न उघडून पाहिलेली नक्कल म्हणजे न वाजवून घेतलेला रुपया.

आणि मालकीणबाईंना महिन्यातून एकदा त्या पडद्यासमोर बसवा. त्यांना सगळे यायला नको. येणे कोणाकडून, देणे कोणाला, बँकेत किती, एवढी तीन पाने काढता आली की पुरे. सॉफ्टवेअर निवडताना शेवटची परीक्षा त्यांच्याकडूनच घ्यावी. ही तीन पाने त्यांना स्वतःच्या हाताने काढता आली आणि वाचता आली, तर ते सॉफ्टवेअर त्या घराचे. म्हणूनच मराठीतून अहवाल निघतो की नाही, याची चौकशी करणे हा हट्ट नव्हे, गरज आहे.

आता वेळापत्रक. पाडव्याच्या मुहूर्तावर नवे सॉफ्टवेअर घेऊन जुनी वही त्याच दिवशी बंद करू नये. वर्षाच्या मधे घोडा बदलला की अर्धा हिशेब एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे होतो. बहुतेक विक्रेते काही दिवस वापरून पाहायला देतात. दिवाळी झाली की आपल्या दुकानातली नेहमीची पाच-सहा खाती घ्यावीत आणि एक महिना वही आणि यंत्र दोन्ही चालवावीत. महिनाअखेरीस दोहोंची बाकी जुळली पाहिजे. जुळली नाही, तर चूक कोठे ते शोधावे. त्या शोधातच सॉफ्टवेअर खरे कळते. विक्रेत्याला एखाद्या गर्दीच्या दिवशी फोन करून पाहावा, तो उचलतो की नाही. जानेवारी-फेब्रुवारीत निर्णय घ्यावा, मार्चअखेरीस माल मोजावा, येणे-देणे ज्याचे त्याला विचारून पक्के करावे, आणि १ एप्रिलला आरंभीच्या बाक्या घालून नवा हिशेब सुरू करावा. दिवाळीला पूजा आणि एप्रिलला आरंभ, यांमधले हे पाच महिने फुकट गेलेले नाहीत, परीक्षेसाठीच मिळाले आहेत असे समजावे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत गावी गेलात आणि फराळाच्या ताटावर तो प्रश्न आला, तर लगेच नाव सांगू नका. आधी विचारा, माल काय, हिशेब रुपयांचा की वजनाचाही, रोज लिहिणार कोण. आणि मग आईकडे किंवा वहिनींकडे वळून आणखी एक विचारा, "ही वही तुम्हाला उघडता येते का?" उत्तर नाही आले, तर सॉफ्टवेअर खरेदी चार दिवस थांबली तरी चालेल, येण्या-देण्याची यादी मात्र त्याच रात्री कागदावर उतरवून घ्या. भाऊबीजेला बहिणीला जी ओवाळणी घालाल ती घालाच, पण वहिनीच्या हाती त्या यादीची एक प्रत द्यायला विसरू नका.

दिवाळी आपणा सर्वांना सुखाची जावो, आणि सर्वांचे ताळे जमोत.